सरगूरचे अठरा फूट

कपिला विद्यापीठातून प्रबंध आला की मी तो शेवटून उघडत असे. संदर्भसूची पाहिली की माणसाने काय वाचलंय ते कळतं, आणि पुष्कळदा पुढचं वाचायची गरज उरत नाही. आमच्या जुन्या विद्यापीठातून आलेला प्रबंध मात्र मी पहिल्या पानापासून वाचायचो. असं का, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

कपिला विद्यापीठ म्हणजे एच. डी. कोटेच्या रस्त्यावर, बंद पडलेल्या रेशीम गिरणीच्या जागेत पंधरा वर्षांपूर्वी सुरू झालेलं. म्हैसूरमध्ये त्याला कुणी कपिला म्हणत नाही, 'शेड' म्हणतात. मुलगा शेडमध्ये शिकतो हे सांगताना आईबाप आवाज खाली आणतात. आणि हे नाव काही उगाच पडलेलं नाही. सहा वर्षांपूर्वी मी तिथला एक प्रबंध तपासला होता, त्यात आभाराच्या पानावर दुसऱ्याच कुणाच्या तरी बायकोचे आभार मानलेले होते. उचलताना बायकोचं नाव बदलायचं राहून गेलं होतं! तो किस्सा मी इतक्या ठिकाणी सांगितलाय की आमच्या घरी वरलक्ष्मी, म्हणजे माझी पत्नी, मी सुरुवात केली की उठून आत जाते.

मी अनंतकृष्ण राव. जुन्या विद्यापीठात भूशास्त्र शिकवलं, विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालो. विहिरींचं पाणी हा माझा विषय. २०१२ च्या एप्रिलमध्ये वनजाबाई नावाच्या मुलीचा प्रबंध माझ्याकडे आला. सरगूरच्या आसपासच्या चोवीस विहिरी, दर पंधरा दिवसांनी पाण्याची पातळी मोजलेली, तीन वर्षं. संदर्भसूचीत चौथंच नाव माझं होतं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माझा १९७९ चा लेख. उन्हाळ्यात सरगूरच्या विहिरींचं पाणी जमिनीखाली सरासरी अठरा फुटांवर असतं, हे त्यात मी प्रथम मांडलं होतं. पुढे ते क्रमिक पुस्तकात गेलं आणि 'सरगूरचे अठरा फूट' हे भूशास्त्राच्या पोरांना पाढ्यासारखं पाठ झालं. या मुलीने आता तिथे बत्तीस फूट मोजले होते. चौतीस वर्षांत पाणी चौदा फूट खाली गेलं, बोअरवेलनी गेलं, असं तिचं पाचवं प्रकरण सांगत होतं, आणि सगळा प्रबंध त्या प्रकरणावर उभा होता.

पण मला ते आकडे पाहूनच संशय आला. चोवीस विहिरी, तीन वर्षं, पंधरा दिवसांनी. आमच्याकडे जीप होती, ड्रायव्हर होता, दिल्लीचं अनुदान होतं, तरी आम्ही वर्षातून चारदा माप घ्यायचो. आणि ही शेडमधली अतिथी व्याख्याती हे एकटी करते?

"टेबलावर बसून केलेलं काम आहे," मी वरलक्ष्मीला म्हणालो.

"तुम्ही पाहिलंत?" ती म्हणाली.

मी तिच्या मार्गदर्शकांना, कृष्णमूर्तींना फोन लावला. प्रत्यक्ष विहिरींवर जाऊन पडताळणी केल्याशिवाय अहवाल देणार नाही म्हणालो. कृष्णमूर्ती गरीब माणूस, त्यांचा आवाज एकदम बसला.

"सार, अवश्य या. फक्त एक विनंती. जून संपायच्या आत व्हायवा झाला तर बरं. आठ वर्षांत पहिल्यांदा आमच्याकडे पर्मनंट जागा निघालीय. तीस जूनला पीएचडी हातात नसेल तर तिला अर्जच करता येत नाही. पुढची जागा केव्हा, त्या चामुंडीलाच ठाऊक."

मेच्या पहिल्या शनिवारी जायचं ठरलं. विद्यापीठाची जीप किती वाजता येईल, म्हणून मी विचारलं.

"जीप नाही सार," कृष्णमूर्तींच्या फोनवरून वनजाच बोलली. "साडेसहाची बस आहे. मी तुमच्यासाठी खिडकी धरून ठेवते."

मुलगी पस्तिशीची, काळीसावळी, खांद्याला शाळेच्या पोरांसारखी पिशवी. माझं मराठी ऐकून तिला नवल वाटलं. ती स्वतः सरगूरकडचीच, जुन्या म्हैसूरच्या पलटणीतल्या मराठ्यांपैकी. तिचं मराठी दर तिसऱ्या शब्दाला कन्नडमध्ये शिरत होतं, आणि आमच्या घरचं तरी कुठे वेगळं आहे! बसमध्ये ती फारसं बोलली नाही. आपली परीक्षा सुरू आहे हे तिला ठाऊक होतं आणि मीही तिला ते विसरू देत नव्हतो.

पहिल्या विहिरीवर तिने पिशवीतून स्टीलची टेप काढली. शेवटच्या तीन फुटांना खडू फासला, शिशाचं वजन बांधलं आणि टेप आत सोडली. वर ओढल्यावर खडू जिथवर धुऊन गेला तिथवर पाणी. आमच्याकडे यासाठी बॅटरीचं यंत्र होतं, पाण्याला टेकलं की वाजायचं. पण खडूची पद्धत जुनी आणि यंत्राइतकीच खरी, हे मीच वर्गात शिकवलेलं आहे. एकतीस फूट सात इंच. तिची वही उघडली, गेल्या वर्षीच्या मेच्या पहिल्या आठवड्यात एकतीस फूट तीन इंच.

मी एकाच विहिरीवर थांबलो नाही. माझ्या मर्जीने सहा निवडल्या, उन्हातून तिला पळवलं, प्रत्येक टेप माझ्या हाताने ओढली. सगळीकडे वहीचं आणि विहिरीचं जुळत होतं. मग मी वह्याच चाळायला घेतल्या. प्रबंधात सरासऱ्या होत्या, वह्यांत खरा मजकूर. एके ठिकाणी लिहिलं होतं, 'कुत्रं सोडलेलं. माप घेतलं नाही.' दुसरीकडे, 'घरात मयत. परतले.' एका पानावर नुसतं, 'बस चुकली.'

खोटे आकडे लिहिणारा माणूस कुत्र्यासाठी जागा कोरी सोडत नाही. मी वही मिटली आणि मला माझीच शरम वाटली. झाडाखाली उभा राहून मी तिला म्हणालो, "वनजा, काम उत्तम आहे. मी उगाच संशय घेतला."

"पर्वा इल्ला सार, चालतंय," ती हसली. सवय असल्यासारखं हसली, ते मला जास्त लागलं.

दुपारचं जेवण खंडोजीरावांकडे होतं. ऐंशी ओलांडलेला ताठ म्हातारा, तिच्या यादीतली अकरावी विहीर त्यांची. जेवण झाल्यावर वनजा शेजारच्या मळ्यातल्या शेवटच्या विहिरीचं माप घ्यायला गेली. मी आणि खंडोजीराव त्यांच्या विहिरीच्या काठावर पानसुपारी घेऊन बसलो. विहिरीत दगडी पायऱ्या होत्या, पार खाली पाण्यापर्यंत गेलेल्या.

"पायऱ्या केव्हाच्या?" मी सहज विचारलं.

"आज्यानं बांधल्या. उन्हाळ्यात पाणी खाली जातंय की, मग बायकांनी उतरायचं कसं?"

मी पायऱ्या मोजल्या. शेवटची पायरी जवळजवळ तीस फुटांवर होती. आजोबांच्या काळी उन्हाळ्यात पाणी अठरा फुटांवर असतं तर तीस फुटांपर्यंत पायऱ्या कशाला बांधल्या असत्या? माझ्या तोंडातली सुपारी तशीच राहिली.

"तुमच्या तरुणपणी पाणी कुठे असायचं, खंडोजीराव? उन्हाळ्यात?"

"इथंच की. आता आहे तिथं. फार तर हातभर वर."

"पण अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाची मुलं येऊन मोजून गेली होती. एप्रिलमध्ये."

खंडोजीराव खदखदून हसले. "ती जीपवाली पोरं? अय्यो, ती कुठली मोजतायत! ऊन म्हणजे ऊन होतं त्या दिवशी. इथं पडवीत बसली, कोंबडीचं सारू आणि नाचणीचा मुद्दा खाल्ला पोटभर. मग एकानं वही काढली, म्हणाला, अण्णा, तुमच्या बावीचं पाणी किती खाली? मी म्हणालो, तीन पुरुष. म्हणजे अठरा फूट की."

"पण ते तर खरं नव्हतं."

"कसं खरं सांगू, स्वामी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्या दिवशी माझ्या थोरलीला बघायला सोयरे आले होते. पडवीत पलीकडं बसलेले. आमच्यात बावी बघून घर ठरवतात. पाणी वर असलं तर घर भरल्यालं. त्यांच्या कानावर मी पाच पुरुष म्हणू? मग त्या पोरानं विचारलं, गावातल्या बाकीच्या बाव्या? मी म्हणालो, सगळ्या तशाच, थोडं इकडं तिकडं. त्यानं लिहून घेतलं. लग्न झालं बघा, तिला आता नातवंडं आहेत."

त्यांना केवढा आनंद झाला होता ती आठवण सांगताना. त्या एप्रिलमध्ये मी म्हैसूरमध्ये पंख्याखाली होतो. मुलांनी आकडे आणून दिले, मी त्यांचा आलेख काढला. एकदाही शंका आली नाही, कारण मुलं आपली होती, आपल्या विद्यापीठाची. माझं सबंध नाव ज्या आकड्यावर उभं होतं तो एका बापाने मुलीच्या लग्नासाठी ठोकून दिलेला होता.

वनजा टेप गुंडाळत परत आली. तिने काही ऐकलेलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये आता ती मोकळी झाली होती.

"सार, एक सांगू? पाचवं प्रकरण तुमच्यामुळेच झालं. तुमचे अठरा फूट नसते तर माझे बत्तीस नुसतेच बत्तीस. त्याला अर्थ तुम्ही दिलात."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

पुढचे चार दिवस मी काय काय विचार केला ते सांगायला लाज वाटते. अहवाल चांगला देऊन टाकू. तिची पदवी होईल, जागा मिळेल, माझं नाव राहील, नुकसान कुणाचं? खंडोजीराव काही भूशास्त्राची पुस्तकं वाचत नाहीत. पाचव्या दिवशी वरलक्ष्मीला सगळं सांगितलं. ती पोळपाटावरून हात काढून ऐकत होती.

"म्हणजे त्या पोरीच्या डिग्रीच्या खाली तुम्ही तुमचं झाकणार," ती म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात व्हायवा ठरला. मी तासभर आधी पोचलो. गिरणीच्या उंच पत्र्याखाली पार्टिशन टाकून केलेले वर्ग. ग्रंथालयात अर्ध्याहून जास्त गाइडं, हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी आता शेडची आरती ओवाळतोय. नकाशांच्या कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली ज्याच्याकडे, तो रजेवर होता. व्हरांड्यात मुलं परीक्षेत काय येणार याचीच चर्चा करत होती. लोक बोलतात त्यातलं पुष्कळ खरं आहे. पण त्याच पत्र्याखाली कृष्णमूर्तींच्या खोलीत वनजाच्या वह्याही होत्या, आणि तशी एकही वही आमच्या विभागात माझ्या सबंध कारकिर्दीत मी पाहिलेली नाही.

मी तिला आणि कृष्णमूर्तींना खोलीत बसवून दार लावलं आणि सांगून टाकलं. पायऱ्या, सोयरे, तीन पुरुष, सगळं.

वनजाने आपली वही जवळ ओढली. मग म्हणाली, "किती बाव्या, सार? एकच की सगळ्या?"

"सगळ्या."

"मग पाणी खाली गेलंच नाही."

"गेलं असेल, नसेल. माझ्या आकड्यावरून सांगता येणार नाही."

कृष्णमूर्तींनी घाम पुसला. "सार, आज होऊन जाऊ दे. कुणाला कळतंय? पाचवं प्रकरण कोण वाचतंय? नंतर एक छोटा लेख लिहून दुरुस्त करू. पदवी आधी, सार, पदवी आधी."

आणि इथे मी पळपुटेपणा केला. निर्णय मी घ्यायला हवा होता, परीक्षक मी होतो, चूक माझी होती. पण मी म्हणालो, "वनजा, तू सांगशील तसं करू. तू म्हणालीस तर मी आज सही करतो."

तिने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. ती रागावली होती, आणि तो राग तिने लपवला नाही.

"सार, आमच्यातल्या कुणी न मोजता आकडे छापले असते तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

उत्तर तिघांनाही ठाऊक होतं.

"तुम्ही सही करा, मी गप्प बसते, जागा मिळते. उद्या कुणी त्या पायऱ्या मोजल्या तर? तुमचं नाव कुणी घेणार नाही. म्हणतील, शेडची आहे, आणखी काय होणार. माझ्या मागच्या सगळ्या पोरींना म्हणतील." तिने प्रबंध माझ्याकडे सरकवला. "साकु सार, पुरे. परत पाठवा. पाचवं काढून मी परत लिहिते. ते खोटं आहे हे कळल्यावर मला त्याच्यावर उभं राहून बोलता येणार नाही."

"जून जाईल, वनजा," कृष्णमूर्ती कळवळून म्हणाले.

"हौदु सार, जाईल," ती म्हणाली आणि मग मात्र ती रडली.

मी अहवालात लिहिलं: प्रबंध दुरुस्तीसाठी परत. कारण: परीक्षकाच्या १९७९ च्या लेखातील आकडेवारी अविश्वसनीय. ते कारण कोण वाचतो? 'परत' एवढंच गावभर झालं. ज्या नियतकालिकात माझा लेख आला होता त्याला मी दुरुस्तीचं पत्र पाठवायला गेलो, तर ते नियतकालिक अकरा वर्षांपूर्वी बंद पडलेलं. माझं खोटं मागे घ्यायलाही जागा उरली नव्हती. क्रमिक पुस्तकवाल्यांनी कळवलं, पुढच्या आवृत्तीत पाहू.

ऑगस्टमध्ये कपिलातली ती जागा भरली. आमच्या जुन्या विद्यापीठाच्या एका मुलाला मिळाली. मुलगा हुशार आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. वनजा त्याच खोलीत अजून अतिथी व्याख्याती आहे. जानेवारीत तिचा प्रबंध पुन्हा आला, मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला आणि मंजूर केला. आता पाचव्या प्रकरणात गावातल्या सगळ्या विहिरींच्या पायऱ्या मोजलेल्या आहेत, खंडोजीरावांसारख्या नऊ म्हाताऱ्यांच्या साक्षी आहेत. पहिल्यापेक्षा कितीतरी सरस प्रकरण आहे ते. पण आता कुठली जागा नाही.

सकाळी मी फिरायला जातो तिथे आमची चार-पाच निवृत्तांची बैठक असते. नरसिंहमूर्ती बँकेतून निवृत्त झालेले, त्यांनी एकदा विषय काढला.

"शेडमधला प्रबंध तुम्ही परत पाठवला होता म्हणे, सार. बरं केलंत. कुणीतरी त्यांना सांगायला हवंच."

मी म्हणालो, "तिचा नाही हो, माझा परत गेला." आणि काही हातचं न राखता सगळी हकिकत सांगितली.

संपल्यावर नरसिंहमूर्तींनी माझा हात धरला. "बघा, हा फरक. आपल्या विद्यापीठाच्या माणसाला चूक कबूल करायची छाती असते. त्या शेडमधल्यांना जमलं असतं हे?"

"अहो, त्या शेडमधलीनेच केलं! मी तर सही करायला तयार होतो!"

"हा तुमचा मोठेपणा, सार." बाकीच्यांनीही माना हलवल्या.

जाता जाता त्यांनी मला बाजूला घेतलं. नातीचं एमएस्सीला दोन्हीकडे नाव लागलं होतं, आमच्याकडे आणि कपिलाला. कपिलात भूशास्त्र, तिला हवा तो विषय. आमच्याकडे तिला तो मिळत नव्हता, दुसराच कुठला तरी. "तुम्ही दोन्ही आतून पाहिलंत. तिला म्हणालो, अनंतकृष्ण सार सांगतील तसं करायचं. कुठे घालू?"

मला वनजाच्या वह्या आठवल्या. कपिलात त्या नातीला कोण शिकवील, मापाच्या जागी कोरी ओळ सोडायला कोण शिकवील, हे मला चांगलं ठाऊक होतं. आणि पाच वर्षांनी कपिलाचं नाव लागलेला तिचा अर्ज कुणाच्या टेबलावर जाईल, तो माझ्यासारखा माणूस त्याचं कुठलं पान आधी बघेल, हेही ठाऊक होतं.

"आपल्याकडेच घाला," मी म्हणालो.

ते खुशीत निघून गेले. वनजाला हे कळलं तर ती माझ्यावर रागावणार नाही. तिला धाकटी बहीण असती तर तिनेही तिला हेच सांगितलं असतं. त्याचंच मला फार वाईट वाटलं.